दोन पहारेकरी

एप्रिल महिन्यातील रात्र होती. लातूर शहरातील एका घरात निजानीज झाली होती. त्या शांततेत नातीच्या कानी एक बारीक ‘सर्र’ असा आवाज आला. तो संडासातील पाण्याच्या टाकीतून येत होता. सकाळी पाहते तो गच्चीवरील टाकीतील पाणी बरेच खाली गेलेले! रात्री कोणी नळ सोडला नव्हता. नातीने आवाजाची हकीकत आजोबांच्या कानावर घातली.

आजोबा गंभीर झाले. २०१६ सालच्या एप्रिलमध्ये याच शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. टँकरपुढील रांगेत घागर घेऊन ताटकळलेले आजोबा ते दिवस विसरले नव्हते. “चल, आपणच पाहू या,” असे म्हणून ते उठले.

त्यांनी संडासातील टाकीचे झाकण काढताच धाकट्या नातवाने नाक मुरडले. “शी! आजोबा, तेथे हात घालणार?”

“बाळ, या टाकीत नळाचेच स्वच्छ पाणी असते. शिवाय, घर नीट ठेवण्याच्या कामात लाज कसली?” आजोबा म्हणाले.

त्यांनी कळ दाबली. तळाचे रबरी वॉशर उचलले गेले आणि पाणी वेगाने खालच्या भांड्यात गेले. पाण्याबरोबर वरचा पोकळ चेंडू खाली उतरला. त्याच्या दांडीने नळाचे तोंड उघडले. टाकी भरू लागली, तसा चेंडू वर आला आणि नळ बंद झाला.

“येथे दोन पहारेकरी आहेत,” आजोबा म्हणाले. “चेंडू येणारे पाणी अडवतो, वॉशर साठलेले पाणी धरून ठेवते. चेंडू चुकला, तर जादा पाणी या उभ्या नळीत शिरून वाहून जाते. वॉशर चुकले, तर ते तळातून झिरपते. आता चूक कोणाची, हे कसे ओळखशील?”

नात क्षणभर विचारात पडली. मग ती म्हणाली, “बाहेरचा कॉक बंद करू. नवे पाणी आले नाही, तरीही पातळी उतरत राहिली, तर दोष वॉशरचा!”

“शाबास!” आजोबांचा चेहरा खुलला.

कॉक बंद झाला. नातीने टाकीच्या आतील बाजूस पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण केली. दहा मिनिटांनी पाणी खुणेच्या बरेच खाली गेले होते. ते पुन्हा खुणेपर्यंत आणण्यास मापाने दोन लिटर पाणी ओतावे लागले. नात मनाशी हिशेब करू लागली : दहा मिनिटांत २ लिटर, तासाला १२ लिटर, दिवसाला २८८ लिटर!

“शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी प्रमाण आहे,” आजोबा म्हणाले.

“म्हणजे दोन माणसांचे पाणी रोज वाया जात होते!” नात उद्गारली.

टाकी रिकामी करून आजोबांनी वॉशर काढले. त्यावर क्षारांचा पांढरा थर बसला होता. तो घासून काढला, तेव्हा रबराची कड झिजलेली दिसली. तेच वॉशर नमुना म्हणून दुकानात नेऊन त्यांनी त्याच मापाचे नवे आणले आणि बसवले. टाकी भरली, चेंडू वर आला, पाणी नळीच्या तोंडाखाली बोटभर थांबले. नातीने कॉक बंद करून पुन्हा खूण केली. दहा मिनिटे लोटली. पाणी खुणेवर जसेच्या तसे होते! मगच तिने कॉक उघडला.

त्या रात्री नात अंथरुणात कान देऊन पडली होती. घरात कोठेही आवाज नव्हता. थोड्याच वेळात तिला शांत झोप लागली.

स्वाध्याय

१. टाकीतील दोन पहारेकरी कोणते? प्रत्येकाचे काम सांगा.
२. कॉक बंद केल्यावरही पातळी उतरली नसती, तर दोष कोणाचा ठरला असता? का?
३. दर मिनिटाला एक लिटर पाणी गळत असेल, तर दिवसात किती लिटर वाया जाईल? ते किती माणसांना पुरेल?
४. ‘नाक मुरडणे’, ‘कानावर घालणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.