मोटारखान्याची जमीन आणि घराची पातळी

आजऱ्याकडील जुन्या शेतकरी घरांत गोठा घराला लागून, पुष्कळदां एकाच छपराखालीं असे; परंतु त्याची जमीन राहत्या सोप्याहून खालीं ठेवीत. गोठ्यांतील मूत, धुण्याचें पाणी व पावसाळ्यांतील ओल उंबऱ्याच्या आंत येऊं नये, हा त्यांतील हेतु. आतां बैल कमी झाले आणि त्यांच्या जागीं पॉवर टिलर, ट्रॅक्टर वा मोटार उभी राहूं लागली. गोठ्याचा मोटारखाना करतांना जमीन भरून ती घराच्या सपाटीस आणावी, अशी इच्छा त्यामुळें पुष्कळांस होते. ती समजण्यासारखी आहे. ऐन पावसांत चिखल न तुडवितां घनसाळाचीं पोतीं आंत नेतां येतात. आणि घरांत गुडघ्यांनीं अधू झालेलें वडील माणूस असेल तर दोन पायऱ्यांचें दुःख त्यासच ठाऊक. तथापि जमीन अगदीं सपाटीस आणूं नये, चार इंच तरी खालीं ठेवावी, असें आमचें मत आहे.

पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड असते. टाकींतून वा गळक्या नळींतून ती निघाली म्हणजे जमिनीलगत पसरते, आणि जमीन सपाट असेल तर दाराखालच्या फटींतून घरांत शिरते. तेथें चूल किंवा गॅसची शेगडी पेटलेली असते. चार इंचांची पायरी व पुढल्या दाराकडे उतार असला म्हणजे सांडलेलें पेट्रोल आणि त्याची वाफ बाहेरची वाट धरते. इंजिनाच्या धुराची गोष्ट निराळी. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं, आणि पायरीनें तो अडत नाहीं. दार लावून इंजिन चालूं ठेवूं नये हाच त्यावर उपाय. शिवाय घराकडील दार घट्ट बसणारें असावें.

भर घालण्यापूर्वीं वळचण मोजावी. सात फूट उंचीच्या वळचणीखालीं अडीच फूट भर घातली तर साडेचार फूट उरतात. मग ट्रॅक्टर बाहेरच! छप्पर उचलावयाचें नसेल तर हा बेत सोडलेला बरा.

आतां हिशेब पाहूं. गोठा बारा फूट रुंद, वीस फूट लांब, आणि घराचें जोतें अंगणाहून अडीच फूट उंच धरूं. पांच इंच काँक्रीट वगळतां पूर्ण सपाटीस पांच ब्रास दाबलेली भर लागते. मोकळा मुरूम सव्वासहा ब्रास तरी आणावा लागेल. घराकडील टोंक चार इंच व पुढलें आठ इंच खालीं ठेवलें, म्हणजे वीस फुटांत चार इंच उतार मिळतो आणि सुमारें सव्वा ब्रास भर वाचते. बाहेरचा चढ आठास एक ठेवल्यास सपाट जमिनीस वीस फूट लांबी लागली असती, ती पंधरा फुटांवर येते. लहान अंगणांत हे पांच फूट थोडे नव्हेत.

गोठ्याची वरची एक फूट माती आधीं काढून टाकावी. वर्षानुवर्षें मूत मुरल्यानें तींत क्षार असतात व ते पुढें लोणा होऊन भिंतींत चढतात. ही माती फेंकूं नये, शेतांत पसरावी. तिच्यासारखें खत विकत मिळणें कठीण. खड्ड्यापुरता मुरूम मात्र वरील हिशेबांत अधिक धरावा. भर मुरमाची असावी. काळी माती, भुसा वा केरकचरा तींत नसावा. सहा सहा इंचांचे थर घालून प्रत्येकावर पाणी शिंपावें व धुम्मसानें ठोकावें. एकदम दोन फूट ओतून वरून ठोकणारा गवंडी काम लवकर उरकतो, पण जमीन दुसऱ्या वर्षीं खचते.

गोठ्याची बाहेरची भिंत मातीची किंवा मातींत रचलेल्या जांभ्याची असेल तर ती भरीचा रेटा सोसण्यास बांधलेली नसते. भरीच्या उंचीपर्यंत आंतून दगडी भिंत सिमेंटांत बांधून घ्यावी. घराच्या बाजूस भर जोत्याच्या दगडावर चढूं देऊं नये. ती लाकडास किंवा मातीच्या भिंतीस टेकली कीं वाळवीस रस्ताच मिळतो.

काँक्रीट एकास दोन व चार प्रमाणाचें घातल्यास वरील जागेस एक ब्रास, म्हणजे सिमेंटचीं सुमारें अठरा पोतीं लागतात. दर दहा फुटांवर सांधा सोडावा आणि दहा दिवस तरी पृष्ठभाग ओला ठेवावा. आजऱ्याचा पाऊस पाहतां काम दिवाळीनंतर धरून उन्हाळ्यांत संपवावें. रस्ता अंगणाहून उंच असेल तर पावसाचें पाणी चढाच्या पायथ्याशीं जमतें. तेथें आडवी गटार व तिजवर लोखंडी जाळी हवीच.

घरांत चाकांची खुर्ची वापरणारें माणूस असेल तर चार इंचांच्या त्या पायरीस दारापाशीं चार फूट लांबीचा लांकडी उतार ठेवावा. तो उचलतां येण्याजोगा असला म्हणजे गाडी धुतांना बाजूस काढतां येतो.