आउट झाला तर होऊ दे

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, लेकाचं नाव लिटल लीगमध्ये घातलंय, पण मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही." मलाही कळत नव्हतं. १९८४ साली आम्ही न्यू जर्सीत आलो तेव्हा बेसबॉल म्हणजे टीव्हीवर तासन्‌तास काहीच न घडणारा खेळ, एवढंच माझं ज्ञान. पुढे दोन मुलांचे मिळून अकरा सीझन काढले. मॅच कशी जिंकायची ते कोच सांगेल. आईबापांनी सीझन कसा निभवायचा, ते माझ्याकडून ऐक.

आधी सामानाचं. माझ्या बेसमेंटमध्ये तुझ्या मावसभावाची बॅट अजून पडून आहे, पण ती मागू नकोस. २०१८पासून धातूच्या बॅटवर 'यूएसए बेसबॉल'चा छाप लागतो, जुनी बॅट चालत नाही. त्याचा ग्लोव्ह मात्र जरूर ने. नवा ग्लोव्ह नव्या कोल्हापुरीसारखा असतो, कडक आणि हट्टी. थोडं तेल चोळायचं, आत बॉल ठेवून रात्रभर नाडीने बांधायचा, आणि रोज अंगणात झेलाझेल करायची, तेव्हा कुठे वळतो. जुना आयताच मुरलेला आहे. आणि तो डाव्या हातात घालायचा बरं का, कारण उजव्या हाताने बॉल फेकायचा असतो. हसू नकोस. पहिल्या दिवशी आम्ही आमच्या उजव्या पोराला उजव्या हातात ग्लोव्ह घालून पाठवलं होतं.

पँट पांढरी सांगतील आणि मैदानाची माती लाल असेल. म्हणून पँटी दोन घे. चिखल ओला असताना घासायचा नाही. वाळू द्यायचा, झटकायचा, मग साबण लावून भिजत टाकायची. डाग असताना ड्रायरमध्ये टाकलीस तर तो जन्माचा सोबती.

गाडीच्या ट्रंकमध्ये जूनपर्यंत एक संसार राहू दे: घडीच्या खुर्च्या, टोप्या, पाणी, थर्मास आणि गोधडी. एप्रिलच्या संध्याकाळी अ‍ॅल्युमिनियमची बाकं अशी गार पडतात की आईच्या गोधडीची किंमत मला पहिल्यांदा तिथे कळली. जूनमध्ये त्याच बाकांवर पोळ्या भाजता येतील. ढग गडगडला की मात्र खुर्ची आवरत बसू नकोस, मुलांना घेऊन सरळ गाडीत बस. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तरी मैदानात उतरायचं नाही.

संध्याकाळी सहाचा गेम असेल तर पोटभर जेवण आधी नको. तूप-साखर लावलेली पोळी आणि केळं पुरतं, बाकीचं घरी आल्यावर. टीमला स्नॅक नेण्याची तुझी पाळी येईल तेव्हा घरातले लाडू, चिक्की काही नेऊ नकोस. मी एकदा हौसेने दाण्याच्या कुटाचे लाडू नेले. एका आईने विचारलं, यात काय काय आहे? मी सांगितलं, आणि सगळा डबा तसाच परत आला. टीममधल्या एका पोराला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. तेव्हापासून आधी विचारायला शिकले, आणि संत्र्याच्या फोडी न्यायला. त्या कधी परत येत नाहीत.

आता खरं सांगते. तुमच्या घरातले क्रिकेटचे डोळे तेवढे काढून ठेवा. क्रिकेटमध्ये बॅट्समन आउट झाला की पॅड काढून डाव संपेपर्यंत बसून राहतो, म्हणून आपल्या मनात आउट म्हणजे सुतक. इथे सहा इनिंग्ज, प्रत्येकीत तीन आउट. पुरी मॅच झाली की टीमचे अठरा आउट. त्यातले एक-दोन तुझ्या लेकाच्या वाट्याला येणारच, आणि थोड्या वेळाने त्याचा नंबर पुन्हा लागणार. टेड विल्यम्स नावाच्या बॅटरची १९४१ सालची .४०६ सरासरी हे लोक आजही देवासारखी आठवतात. म्हणजे दहात चार हिट. उरलेल्या सहा वेळा देवसुद्धा हात हलवत परतला. आणि आपण दहा वर्षांच्या पोराच्या एका स्ट्राइकआउटवर तोंड पाडून बसतो.

आम्ही बसलो होतो, म्हणून सांगते. एका गेममध्ये शेवटचा आउट आमच्याच मुलाचा झाला. तुझ्या काकांनी गाडी सुरू केली आणि तोंडही. तू मागे का सरकलास, खांदा का उघडलास, तो बॉल सोडायचा होता. वीस मिनिटांचा रस्ता. पोरगं खिडकीतून बाहेर बघत होतं. पुढच्या मंगळवारी त्याचं पोट दुखायला लागलं, गुरुवारीही दुखलं. पोटाला काही झालेलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या गाडीत नियम झाला: भूक लागली का, एवढंच विचारायचं. गेमचा विषय त्याने काढला तर ऐकायचं. नाही काढला तर नाही.

नवऱ्याला गप्प बसवायचा उपायही सांगते. कोचला सांगून त्याच्या हातात स्कोअरबुक दे. प्रत्येक पिचची नोंद करायची म्हटलं की मान खाली जाते आणि "बॅट सरळ ठेव" हे ओरडणं आपोआप थांबतं. इथे बॅट आडवीच फिरते. स्ट्राइकआउटला के लिहितात, आणि बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर उलटा के. तुझे काका चार सीझन ते वहीकाम इतकं मन लावून करायचे की त्यांना मुलाची चूक दिसायची ती फक्त एका अक्षराएवढी.

लेकाला राइट फील्डला उभं केलं म्हणून रुसू नकोस. तिकडे बॉल कमी येतो हे खरं, पण नियमाने सीझनमधल्या प्रत्येक गेमला प्रत्येक मुलाला किमान एकदा बॅटिंग आणि सहा आउट होईपर्यंत फील्डिंग मिळते. पटलं नाही तर कोचशी दुसऱ्या दिवशी बोल, मैदानावर नको. तोही कुणाचा तरी बाप असतो, ऑफिसातून धावत आलेला, फुकट राबणारा. हा सगळा खटाटोपच तसा सुरू झाला. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला कार्ल स्टॉट्झ नावाच्या माणसाने आपल्या भाच्यांना खेळता यावं म्हणून तीन टीम उभ्या केल्या. भाच्यांसाठी माणसं काय काय करतात बघ. मी तर नुसते सल्ले देतेय.

एका बाबतीत मात्र भिडस्त राहू नकोस. मुलगा पिचर झाला तर त्याच्या खांद्याचा हिशेब तू ठेव. आमच्या वेळी इनिंग मोजायचे, २००७पासून पिच मोजतात. दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, अकरा-बाराच्याला ८५. ६६ किंवा जास्त टाकले तर पुढे चार दिवस पिचिंग बंद. ४१ टाकले तर त्या दिवशी त्याला कॅचर करता येत नाही. तो दुसऱ्या टीमकडूनही खेळत असेल, तर या कोचला त्या मैदानावरचा आकडा माहीत नसतो. तो माहीत असणारी तू एकटीच. फ्रिजवर कागद लाव आणि लिहीत जा. हात दुखतोय म्हणाला तर त्या दिवशी आकडा कितीही असो, पिचिंग नाही.

धाकटी कडेला बसून कंटाळेल आणि एक दिवस ग्लोव्ह मागेल. दे. मुलींना लिटल लीगमध्ये १९७४पासून जागा आहे, आणि त्या भांडणाची सुरुवात आपल्याच न्यू जर्सीत झाली. १९७२ साली होबोकनला मारिया पेपे नावाची मुलगी टीममध्ये खेळली आणि तिला काढायला लावलं, त्यावरून.

शनिवारी ग्लोव्ह न्यायला ये, तेल लावून ठेवते. येताना जावईबापूंनाही आण. कुठल्या हातात घालायचा ते दोघांना एकदमच सांगेन.