धुळीचा खोकला व क्षयाचा खोकला

आमच्या खेड्यांतील उपदेशक बंधूंस आजाऱ्याच्या घरीं वारंवार जावें लागतें. खोकला जुना झाला, धाप लागूं लागली, अंग झडलें, कीं शेजारीपाजारी "ह्यास क्षय झाला" असें म्हणून मोकळे होतात. आणि पुष्कळदां तें खरेंही असतें. परंतु जवळजवळ ह्याच लक्षणांचा दुसरा एक रोग आहे. तो जंतूंनीं होत नाहीं, दगडाच्या धुळीनें होतो. त्यास सिलिकोसिस म्हणतात. ह्या दोहोंतील भेद ओळखणें हें केवळ डाक्तराचें काम आहे, असें कोणी समजूं नये. रोग्याच्या मागें राहणाऱ्या बायकामुलांचें पुष्कळसें त्या भेदावर अवलंबून असतें.

सिलिका हें द्रव्य पुष्कळ दगडांत असतें. आमच्या दख्खनच्या काळ्या दगडांत तें मोकळ्या रूपांत फार थोडें. पण गारगोटी म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिकाच. असा दगड फोडतांना किंवा दळतांना जी धूळ उडते, तींतील मोठे कण नाकांत व घशांत अडकून कफावाटे बाहेर पडतात. जे कण डोळ्यांस दिसतही नाहींत, तेच फुप्फुसाच्या अगदीं टोंकाच्या बारीक पिशव्यांपर्यंत पोंचतात. तेथील रक्षक पेशी त्यांस गिळतात, परंतु जिरवूं शकत नाहींत. त्या स्वतः मरतात, आणि त्या जागीं जुन्या जखमेच्या वणासारख्या कठीण गांठी बनतात. गांठी वाढल्या कीं फुप्फुस ताठर होतें व श्वास पुरत नाहीं. काम सोडल्यानंतरही रोग वाढत राहूं शकतो. बिघडलेलें फुप्फुस पूर्ववत् करील असें औषध अद्याप निघालेलें नाहीं.

सामान्यतः ह्या रोगास दहा वर्षें किंवा अधिक काळ लागतो. धूळ अति दाट असेल, तर मात्र थोड्या महिन्यांतच मनुष्य खंगूं लागतो. नर्मदेच्या अलीकडे आमचा नंदुरबार जिल्हा, आणि पलीकडे मध्य प्रदेशांतील अलिराजपूर. त्या अलिराजपूर, झाबुआ व धार जिल्ह्यांतील आदिवासी मजूर पोट भरण्याकरितां गुजराथेंत गोध्र्याकडे गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत जात. कोरडवाहू शेतींत पोट भागेना, म्हणून गेलेले हे तरुण लोक. परत आले ते धापा टाकीत, आणि पुष्कळ जण मेले. २०१० सालीं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानें २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकीं तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाचा तसा हुकूम होण्यास २०१६ साल उजाडलें.

हा रोग नवीन होता, कायदा नव्हता, असें मुळींच नाहीं. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानेंच तो सरकारास कळविलाच पाहिजे अशा रोगांत घातला होता. परंतु कायद्याचा उपयोग ज्याचें नांव हजेरीपटावर आहे त्यास. मुकादमाबरोबर गेलेल्या, रोख मजुरी घेणाऱ्या मनुष्याजवळ कागद कोठला? पुष्कळदां त्यास कारखान्याच्या मालकाचें नांवही ठाऊक नसतें. धूळ ओढून घेणारें यंत्र बसविण्यास पैसा लागतो; एक मजूर पडला तर दुसरा फुकट मिळतो. आमच्या मतें रोगाचें खरें मूळ येथेंच आहे.

मग असा मनुष्य दवाखान्यांत येतो. किती दिवस खोकला आहे, हें त्यास विचारतात. काय काम करीत होतास, हें क्वचितच कोणी विचारतो. क्ष-किरणांच्या चित्रांत दोन्ही रोगांचे डाग सारखे दिसूं शकतात, म्हणून कागदावर क्षय लिहिला जातो, व गोळ्या सुरू होतात. तो मेल्यावर धुळीचें नांव कोठेंच नसतें. राजस्थान सरकारनें २०१९ सालीं धुळीच्या रोगांविषयीं धोरण ठरविलें. त्यांत प्रमाणित रोग्यास तीन लाख रुपये व तो मेल्यास कुटुंबास आणखी दोन लाख, अशी तजवीज केली. पण तेथेंही दाखल्यावांचून कांहीं नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. सिलिकोसिस झालेल्यास क्षय होण्याचा संभव इतरांहून सुमारें तिप्पट असतो, व दोन्ही रोग एकाच छातींत असूं शकतात. यास्तव हा लेख वाचून कोणीं कोणाच्या क्षयाच्या गोळ्या बंद करवूं नयेत. बेडक्याची तपासणी व्हावी, गोळ्या पूर्ण घ्याव्या, आणि त्याबरोबरच डाक्तरास कामाची हकीकत सांगावी.

ती हकीकत आजारी शुद्धींत व बोलता असतांनाच लिहून घ्यावी. कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं, किती महिने, दगड फोडणें कीं दळणें कीं पोतीं भरणें. मुकादम कोण होता, बरोबर कोण गेले होते. सोबत्यांपैकीं किती खोकतात, हेंही विचारावें, कारण एकाच कारखान्याहून आलेले चार तरुण एकदम खोकूं लागले तर ती गोष्ट डाक्तराच्या कानीं गेलीच पाहिजे. जे अजून कामावर जात आहेत त्यांस सांगावें कीं तोंडावर बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाहीं. दगड पाण्यानें भिजवून फोडल्यास धूळ पुष्कळ कमी उडते, आणि बारीक कण अडविणारी मुखपट्टी मालकाकडे मागावी. क्ष-किरणांचें चित्र दुमडूं नये, मुलांस खेळावयास देऊं नये, व मनुष्य वारला तरी टाकून देऊं नये. तें तारखेच्या चिठ्ठीसह पुठ्ठ्यांत घालून पेटीच्या तळाशीं सपाट ठेवावें.