विनाचौकट चित्र आणि पोटापाण्याचा प्रश्न

‘सर, मुलगा रात्री उशिरापर्यंत विकिपीडियावर फोटो लावत बसतो. एक पैसा मिळत नाही. उपयोग काय याचा?’ बारावीच्या निकालानंतर पुण्यातले पालक असे विचारतात, आणि त्यांचे चुकत नाही. तिथल्या संपादकांना पगार नसतो. पण मुलगा करतो काय, ते एकदा शेजारी बसून पाहा.

समजा, मराठी विकिपीडियावर त्याला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा फोटो लावायचा आहे. ‘इवलेसे’ असे लिहिले की चित्र लहान होऊन चौकटीत बसते, खाली वर्णनाची ओळही येते. चौकट नको म्हणून तो ‘विनाचौकट’ लिहितो. चौकट जाते, पण सोबत ओळही जाते! ती उरते फक्त माउस चित्रावर नेणाऱ्यासाठी. मोबाइलवाल्याने काय करायचे? मग शोधाशोध. बिनरेघांचा तक्ता करून वर चित्र, खाली ओळ, हा एक उपाय. दुसरा चित्रांच्या गॅलरीचा: तिला ‘नोलाइन्स’ पद्धत सांगितली की रेघा जातात, ओळ राहते. मला दुसरा बरा वाटतो. तक्ता माहिती मांडण्यासाठी असतो, चित्र सजवायला नव्हे. अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरचाही त्याने गोंधळ होऊ शकतो.

खरी कसोटी पुढे आहे. ओळीत नुसते ‘दिल्ली दरवाजा’ लिहून भागत नाही. दारावरचे अणकुचीदार खिळे हत्तींच्या धडकेला अडवण्यासाठी होते, हे सांगितले तर वाचक थांबतो. ज्याला चित्र दिसतच नाही त्याच्यासाठी वेगळा मजकूर लागतो: उंच कमान, लाकडी दार, त्यावर खिळ्यांच्या रांगा. शिवाय हक्कांचा प्रश्न. वाड्याचा फोटो स्वतः काढला तर तो विकिमीडिया कॉमन्स या मुक्त संग्रहात मुक्त परवान्याने देता येतो. वर्तमानपत्रातला उचलला तर काढून टाकला जातो.

एवढे सगळे नीट करणाऱ्याला हिंजवडी-खराडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत तांत्रिक लेखक म्हणून काम मिळू शकते. संग्रहालयांचे डिजिटल संग्रह, प्रकाशनसंस्था, वृत्तसंकेतस्थळे इथेही हेच कौशल्य लागते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने संकेतस्थळे सर्वांना वापरता येण्याजोगी असण्याची गरज अधोरेखित केली आहे, म्हणून ती तपासणारे लोकही हवेत. प्रोग्रॅमिंगची आवड असेल तर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमात भाग घेतला आहे, तिथे विद्यावेतन मिळते. मात्र यासाठी पदवी सोडण्याचा विचारही नको. हे काम पदवीला जोड आहे, पर्याय नाही.

नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा विकिपीडियाच्या पानाचा ‘इतिहास’ जास्त बोलतो. कोणी, केव्हा, काय बदलले, कोणी उलटवले, सगळे तिथे नोंदलेले असते. तिथे भांडखोरपणाही दिसतो, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

या सुट्टीत त्याला विकिपीडियाच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, एक चित्र चौकटीशिवाय, पण ओळीसकट लावून दाखवायला सांगा. आणि हाच मार्ग का निवडला, ते विचारा. आजीला कळेल असे उत्तर त्याने दिले, तर तांत्रिक लेखनाची एखादी इंटर्नशिप शोधायला हरकत नाही.