जंतूंच्या प्रथिनांचे आडनाव कसे ओळखतात?

भारतात जाऊन आल्यावर इथल्या रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली, तर पुष्कळ ठिकाणी एक प्रश्न विचारतात : "अलीकडे कॅनडाबाहेरच्या रुग्णालयात राहिला होतात का?" उत्तर 'हो' असेल तर गुदद्वारापाशी कापसाची काडी फिरवून नमुना घेतात. आपल्यापैकी काहींना यात अपमान वाटतो. त्यातून, ज्या प्रथिनांसाठी ही तपासणी होते त्यांतल्या एकाच्या नावातच 'न्यू दिल्ली' आहे हे कळले, की राग आणखी वाढतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत असल्याने मंडळातली मंडळी मला याविषयी विचारतात. म्हणून हा थोडा शास्त्राचा आणि थोडा व्यवहाराचा लेख.

एनडीएम-१ म्हणजे काय?

पेनिसिलिन आणि त्याच्या नात्यातल्या सर्व प्रतिजैविकांच्या रेणूत एक चौकोनी कडे असते. हे कडे तोडणारी प्रथिने काही जंतू बनवतात. कडे तुटले की औषध निकामी होते. या कुळातली कार्बापेनेम नावाची औषधे डॉक्टर अगदी गरज पडेल तेव्हासाठी राखून ठेवतात. एनडीएम-१ हे प्रथिन त्यांचेही कडे तोडते.

नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या जंतूत ते सापडले आणि २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी लिहिले, की त्यांनी तपासलेल्या २४ कार्बापेनेम-प्रतिरोधी जंतूंपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ होते. म्हणजे धोक्याची घंटा केवळ परदेशातून वाजली नाही, आपल्याच डॉक्टरांनीही ती वाजवली. त्याच वर्षी कॅनडातही असे रुग्ण आढळले.

नवे प्रथिन हाती आल्यावर ते कोणत्या घराण्यातले हे कसे ठरवतात?

अक्षरांची तुलना

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. वीस प्रकारचे मणी आणि प्रत्येक मण्याला एक अक्षर. एनडीएम-१ची माळ २७० अक्षरांची आहे. अशा माळा एकत्र छापण्याचे काम अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये सुरू केले.

पुढची पद्धत आपल्याला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिच्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवून श्लोक ताडून पाहिले गेले. दूरदूरच्या पोथ्यांत जो पाठ सारखा आहे तो बहुधा जुना, हे त्यामागचे सूत्र. प्रथिनांचेही तसेच. फरक एवढाच, की पोथीतला पाठ नकलकाराच्या काळजीने टिकतो, तर प्रथिनातले अक्षर गरजेमुळे टिकते. जिथे बदल झाला तर कामच बंद पडते, तिथला बदल पुढच्या पिढ्यांत टिकत नाही.

तुलना करताना सगळ्या चुका सारख्या मोजत नाहीत. नकलकाराने 'ण'च्या जागी 'न' लिहिला तर आपण समजून घेतो. 'ण'च्या जागी 'क' आला तर शंका येते. प्रथिनांतही सारख्या स्वभावाच्या आम्लांची अदलाबदल कमी दोषाची धरतात. अशा गुणांचे तक्ते तयार आहेत. १९९० मध्ये आलेल्या ब्लास्ट या संगणक कार्यक्रमामुळे लाखो माळांशी तुलना झटपट होऊ लागली. तो आणखी एक आकडा देतो : एवढे साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडले असते? हा आकडा जितका लहान तितका नात्यावर विश्वास अधिक.

तीन ओळी ताडून पाहू

एनडीएम-१ शेजारी दोन जुनी प्रथिने ठेवू. एक जपानमध्ये सापडलेले आयएमपी-१ आणि दुसरे व्हीआयएम-२. यातले 'व्ही' हे इटलीतल्या व्हेरोना शहरावरून आले आहे. म्हणजे गावाचे नाव लावण्याची रीत दिल्लीपासून सुरू झालेली नाही. प्रत्येकातली दहाच अक्षरे पाहा :

एनडीएम-१ : टी, एच, ए, एच, क्यू, डी, के, एम, जी, जी
व्हीआयएम-२ : टी, एच, एफ, एच, डी, डी, आर, व्ही, जी, जी
आयएमपी-१ : एस, एच, एफ, एच, एस, डी, एस, टी, जी, जी

पेन्सिल घेऊन उभे रकाने तपासा. दुसरे, चौथे, सहावे, नववे आणि दहावे अक्षर तिन्ही ओळींत तेच आहे. पूर्ण माळा ताडल्या तर एनडीएम-१ आणि त्याचा सर्वांत जवळचा तेव्हाचा नातेवाईक व्हीआयएम यांच्यात सुमारे ३२ टक्केच अक्षरे जुळतात. म्हणजे बाकी सगळीकडे बराच बदल झाला, पण ही पाच अक्षरे तशीच राहिली.

कारण साधे आहे. यातले दोन 'एच' आणि एक 'डी' जस्ताचे अणू धरून ठेवतात आणि जस्ताच्या मदतीनेच औषधाचे कडे तुटते. माळेचा असा जो भाग स्वतःची ठरावीक घडी घालतो आणि कुळाकुळांत टिकून राहतो, त्याला डोमेन म्हणतात. अर्थात दहा अक्षरे योगायोगानेही जुळू शकतात. म्हणून संगणक पूर्ण डोमेन पाहतो आणि एकाच नमुन्याशी नव्हे, तर कुळातल्या अनेक प्रथिनांवरून बनवलेल्या साच्याशी ताडतो.

आडनाव म्हणजे व्यवसाय नव्हे

आता चौथी ओळ पाहा :

टी, एच, एच, एच, डब्ल्यू, डी, एच, ए, जी, जी

पाचही खुणा इथे आहेत. पण हे प्रथिन जंतूचे नाही. ते आपल्या, माणसाच्या, शरीरातले ग्लायॉक्सॅलेज-दोन आहे. ते औषध तोडत नाही, तर पेशीत तयार होणारे एक अपायकारक द्रव्य निस्तरायला मदत करते. घडी तीच, काम वेगळे. कुलकर्णी आडनावाचा माणूस आज गावचे दप्तर लिहीत असेलच असे नाही, तसेच हे.

माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे. तुलनेने घराणे कळते. काम प्रयोगानेच सिद्ध होते. जंतू औषधासमोर वाढवून पाहावा लागतो. जनुक सापडले तरी ते जंतू किती वापरतो आणि कोणते औषध अजून लागू पडते, हे त्या चाचणीतूनच समजते.

हॅमिल्टनमधले काम

या शास्त्रात कॅनडाचा वाटा मोठा आहे. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात 'कार्ड' नावाची प्रतिजैविक-प्रतिरोधाची सूची आहे. तिची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. जंतूची जनुके तिच्याशी ताडली की उत्तर तीन प्रतींत मिळते : तंतोतंत जुळणारे, जवळचे आणि दूरचे. तंतोतंत जुळणारे ते आधीच ओळखीचे, जवळचे ते बहुधा त्याचेच भावंड, आणि दूरचे ते प्रयोगाने पारखून घ्यायचे.

याच विद्यापीठातील जेरार्ड राइट यांच्या गटाने २०१४ मध्ये नोव्हा स्कोशियाच्या मातीतल्या एका बुरशीतून एक द्रव्य शोधले. ते एनडीएम-१मधले जस्त काढून घेते आणि ते प्रथिन निकामी करते. उंदरांवरच्या प्रयोगात कार्बापेनेम पुन्हा लागू पडले. याचे औषध अद्याप बाजारात आलेले नाही. आपल्या प्रथिनांनाही धातू लागतात, त्यामुळे असे औषध बनवताना फार जपावे लागते. पण बदल न होणारी जागा हीच शत्रूची नाडी, हे यातून दिसते.

आपण काय करावे?

१. भारतात शस्त्रक्रिया, डायलिसिस किंवा रुग्णालयात मुक्काम झाला असेल तर इथल्या डॉक्टरांना न विचारता सांगा. डिस्चार्जचे कागद आणि दिलेल्या प्रतिजैविकांची नावे सोबत आणा. आई-वडील येत असतील तर त्यांचेही कागद मागवा.

२. नमुना घेऊ द्या. तपासणी तुमच्या देशाची नसून जंतूची आहे. हे जंतू आता जगभर आहेत.

३. जंतू आतड्यात असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. अनेकांना काहीच त्रास होत नाही आणि केवळ जंतू आहे म्हणून सहसा औषध देत नाहीत. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. अशा माणसाला घरात वाळीत टाकू नका.

४. अहवालात जंतू आढळला तर दोन प्रश्न विचारा : प्रथिन कोणत्या घराण्यातले आहे, आणि कोणते औषध लागू पडते? उपचार ठरवायला दोन्ही उत्तरे लागतात.

५. सर्दी-पडशासाठी भारतातून आणलेली प्रतिजैविके पोटात घालू नका. सर्दी विषाणूंमुळे होते आणि त्यांच्यावर ही औषधे चालत नाहीत. पण आतड्यातल्या साध्या जंतूंचा त्यांनी नाश होतो आणि प्रतिरोधी जंतूंना मोकळे रान मिळते.