‘हॉवर्ड्स एंड’ : वारशाबद्दल शिकलेल्या पाच गोष्टी

वाटणीचे दावे, इच्छापत्रं, वारसनोंदी हे माझं वकिलीतलं रोजचं काम. हाताखाली नवी मुलगी आली की मी तिला कायद्याच्या पुस्तकांबरोबर एक चित्रपटही पाहायला लावते : ‘हॉवर्ड्स एंड’. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९१० च्या कादंबरीवर जेम्स आयव्हरी यांनी तो १९९२ मध्ये केला. निर्माते इस्माईल मर्चंट मूळचे मुंबईचे. एका घराभोवती इंग्लंडमधले तीन थर इथे समोरासमोर येतात : धनाढ्य विलकॉक्स कुटुंब, वडिलोपार्जित पैशांच्या व्याजावर जगणाऱ्या सुसंस्कृत श्लेगेल बहिणी आणि विमा कंपनीतला कारकून लेनर्ड बास्ट.

१. इच्छा रीतसर कागदावर उतरवा.
मृत्युशय्येवरची रूथ विलकॉक्स आपलं घर मैत्रीण मार्गारेट श्लेगेलला मिळावं, अशी पेन्सिलीने चिठ्ठी लिहिते. कादंबरीत त्या चिठ्ठीवर ना सही, ना तारीख. घरचे खल करतात आणि चिठ्ठी जाळून टाकतात. आपल्याकडे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार इच्छापत्राला सही आणि दोन साक्षीदार लागतात. साधा कागद चालतो, नोंदणीही सक्तीची नाही. तरी माणसं ‘बघू पुढे’ म्हणत राहतात.

२. इच्छा हयातीतच सांगा.
विलकॉक्स मंडळी दुष्ट नाहीत. आईने आपल्याला न विचारता घर परकीला दिलं, हे त्यांना सहन होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी भावंडांचं खरं दुखणं जमीन नसते. ‘आम्हाला का नाही सांगितलं?’ हे असतं.

३. बाईची मालकी कागदापुरती ठेवू नका.
ते घर रूथला माहेरकडून आलेलं. विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा हक्क इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्याने दिला होता. तरी तिची अखेरची इच्छा नवरा आणि मुलं मिळून निकालात काढतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. पण माहेर तुटेल या धास्तीने बहिणी आजही हक्कसोडपत्रावर सह्या करतात. अशा बहिणीशी मी आधी एकटीशी बोलते.

४. चुकीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.
चित्रपटाचा गाभा मला इथे सापडतो. लेनर्डची कंपनी बुडणार, असं रूथचा नवरा हेन्री विलकॉक्स सहज बोलून जातो. श्लेगेल बहिणी ते कळकळीने लेनर्डला सांगतात. तो नोकरी सोडतो, कमी पगारावर बँकेत लागतो आणि तिथूनही त्याला कमी करतात. कंपनी मात्र तग धरते. हेन्रीला या सल्ल्याची काहीच झळ लागत नाही. त्याचं जुनं अनैतिक प्रकरण उघड होतं, तेव्हा रूथच्या मृत्यूनंतर त्याच्याशी लग्न ठरलेली मार्गारेट त्याला क्षमा करते आणि लग्न पार पडतं. तोच हेन्री तिच्या अविवाहित गरोदर बहिणीला, हेलनला, त्या घरात एक रात्र राहू देत नाही. शेवटी लेनर्ड पुस्तकांच्या कपाटाखाली जीव गमावतो. चूक करून पुन्हा उभं राहण्याची सवड हाच सर्वांत मोठा वारसा आहे, आणि तो कुठल्याच सातबाऱ्यावर दिसत नाही. शिकल्यासवरल्या, पोटापाण्याची चिंता नसलेल्या माणसाने दुसऱ्याला ‘सोड ती नोकरी’ सांगण्याआधी हा हिशेब मांडावा.

५. न्याय पुढच्या पिढीवर ढकलू नका.
अखेर हेन्री ते घर मार्गारेटच्या नावे करायचं ठरवतो. तिच्यामागे ते हेलनच्या, म्हणजे लेनर्डच्याही, मुलाला मिळणार. अनेकांना हा शेवट समाधानाचा वाटतो. मला त्यात उशीर दिसतो. मुलाला घर मिळेल. बापाला हवी होती फक्त एक टिकाऊ नोकरी. म्हणून इच्छापत्र करायला येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, यातलं आजच कोणाला काय देता येईल? घरात राबणारी बाई, शेत कसणारा गडी, धाकट्या भावाची विधवा यांची नावं तेव्हाच पुढे येतात. त्यांचं देणं मरणानंतरच्या कागदात अडकवू नये. ते हयातीत, सन्मानाने चुकतं करावं.