प्रत आणि नक्कल : अजिंठ्याच्या चित्रप्रतींच्या निमित्ताने

‘प्रत’ आणि ‘नक्कल’ हे शब्द समानार्थी वाटत असले, तरी मराठीत त्यांची प्रतिष्ठा सारखी नाही. नक्कल म्हटली की उणेपणा गृहीत धरला जातो. हस्तलिखितांच्या परंपरेत प्रत ही मात्र साक्षीदार असते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो उपलब्ध प्रतींच्या आधारेच. पुराणवस्तूंच्या प्रतिकृतींकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे.

अजिंठ्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मद्रास फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल याने १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. लंडनला गेलेल्या त्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकरवी हे काम पुन्हा केले. त्यांतील अनेक प्रतीही १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. दरम्यान लेण्यांतील गिलावा ढासळतच होता. परिणामी भिंतीवरून नाहीशा झालेल्या काही भागांना उरलेली प्रत हाच आधार राहिला. तिला नक्कल म्हणून बाजूस सारणे मग कसे शक्य आहे?

अर्थात साक्षीदाराची उलटतपासणी आवश्यकच असते. मूळ चित्रे कोरड्या गिलाव्यावरची, तर या प्रती कापडावरील तैलरंगातल्या. मोडीतील मजकूर बाळबोधीत उतरवताना जे घडते, तसेच काहीसे येथेही घडले. ग्रिफिथ्सच्या १८९६-९७ मधील द्विखंडी ग्रंथावर नाव त्याचे आहे, हात मात्र पुष्कळदा पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांचे. (पोथ्यांच्या लेखकूंना निदान शेवटी स्वतःचे नाव घालण्याची मुभा असे.) १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी चित्रकारांनी त्याच भिंतींवरून प्रती केल्या. त्या ग्रिफिथ्सच्या प्रतींशेजारी ठेवल्या की जे भेद दिसतात, ते पाठभेदच होत.

सर्वांत बिकट प्रश्न वार्निशचा आहे. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून ग्रिफिथ्सच्या काळात मूळ भित्तिचित्रांवरच वार्निश चढविले गेले. कालांतराने ते काळवंडले. ज्या उद्योगाने साक्ष जतन केली, त्यानेच मूळही झाकोळले. शिवाय प्रतीतील रंग हा अजिंठ्याच्या चित्रकाराचा, की ताज्या वार्निशखाली उजळलेला, हे प्रत्येक चित्रापाशी स्वतंत्रपणे तपासावे लागते.